लघुशंका-समाधान

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरांत एक उत्खनन सुरू होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, कपाटामागची जळमटे निघतात आणि शेवटी सोफ्याच्या गाद्या उचलल्या जातात. त्या गाद्यांखाली वर्षभराचा इतिहास दडलेला असतो. दोन-तीन नाणी, पेन्सिलीचे तुकडे, शेंगदाण्याची टरफले, एखादे हरवलेले कानातले आणि गादीच्या पालथ्या अंगावर एक पिवळसर, कडेला गडद, नकाशासारखा डाग. नाणी घरात वाटली जातात; टरफले केरात जातात; डागाकडे मात्र सगळे एकदम पाहतात आणि एकदम दुसरीकडे पाहू लागतात. गृहिणी गादी पुन्हा पालथी टाकते, वर नवा अभ्रा चढवते आणि चार उदबत्त्या जास्त लावते.

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात त्यांत या डागाबद्दलची पत्रे पुष्कळ असतात; पण ती ओळखावी लागतात. 'आमच्या कोचाला जरा वेगळाच वास येतो', 'लहान मूल असल्याने थोडी अडचण होते', 'घरात वडील मंडळी आहेत, तेव्हा आपण समजून घ्यालच' अशी त्यांची भाषा असते. मूळ शब्द कोणी लिहीत नाही. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्याने या संकोचाची मला मौज वाटते. एवढ्या साध्या देहधर्माला आपल्या भाषेने किती आडपडदे शोधून काढले आहेत पाहा! मुळात 'लघवी' हाच एक सभ्य आडपडदा. त्यात 'लघु' आहे, म्हणजे लहानसे काहीतरी. सुशिक्षितांची 'लघुशंका', म्हणजे जणू एक छोटीशी शंका मनात आली आणि ती फेडायला गृहस्थ उठले. शाळेतली पोरे करंगळी वर करून 'एकी' मागतात. 'एकीचे बळ' म्हणून जो धडा आम्ही शिकवतो तो वेगळ्या एकीचा. पण तो शिकवताना मागच्या बाकावर हटकून खसखस पिकते. घरातली म्हातारी माणसे तर नुसते 'जरा जाऊन येतो' म्हणतात. कुठे, हे विचारायचे नसते.

परंतु वासाला हा भाषेचा पडदा कळत नाही. म्हणून या दिवाळीला हे शंकासमाधान सरळ शब्दांत करण्याचे मी ठरवले आहे. फराळाचे ताट समोर असेल तर वाचकांनी आधी ते संपवावे.

प्रथम शत्रूची ओळख. मूत्रात शेकडा पंचाण्णवच्या आसपास पाणीच असते. उरलेल्यात दोन टक्क्यांच्या आसपास युरिया, त्याखेरीज क्षार, थोडे युरिक आम्ल आणि पिवळा रंग देणारे एक द्रव्य. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो आणि ते बहुधा किंचित आम्लधर्मी असते. बिघाड पुढे होतो. कापडावरचे आणि हवेतले सूक्ष्म जंतू युरियावर तुटून पडतात आणि त्याचा अमोनिया करतात. नाकात झोंबतो तो हा अमोनिया. आता तो डाग आम्लधर्मी राहत नाही, अल्कधर्मी होतो. कापडाचा रंग विटतो तो याच अवस्थेत. म्हणजे पहिल्या तासाचा डाग आणि आठव्या दिवसाचा डाग या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांना औषधही निराळेच हवे.

राहिले युरिक आम्ल. ते पाण्यात फार थोडे विरघळते. त्याचे बारीक खडे धाग्यांत आणि स्पंजाच्या छिद्रांत रुतून बसतात. उन्हाळ्यात गृहिणीला वाटते, वास गेला. मृगाचा पाऊस पडतो, हवा दमट होते, आणि वास पाहुण्यासारखा परत येतो. क्षार ओल ओढून घेतात, तिथे जंतूंचे काम पुन्हा सुरू होते. 'इतके धुतले तरी पावसाळ्यात वास येतोच' ही तक्रार मुंबई-ठाण्याकडून जास्त येते आणि आमच्या कोरड्या मराठवाड्यातून कमी, याचे कारण हेच. यात बीडच्या गृहिणींची स्वच्छता जास्त आहे असे समजण्याचे कारण नाही.

या युरियाची कुळकथाही साधी नाही. सजीवांच्या देहातले पदार्थ प्रयोगशाळेत तयार होऊच शकत नाहीत, अशी एके काळी पंडितांची समजूत होती. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निर्जीव क्षारापासून युरिया करून दाखवला, आणि मूत्रपिंडावाचून आपण हे केले, असे आपल्या गुरूला मोठ्या हौसेने कळवले. आज शेतकरी पोत्याने युरिया आणतो तो त्याच जातीचा. त्याहून मागे गेलो तर जुन्या रोममध्ये कपडे धुणारे लोक शिळे मूत्र मुद्दाम साठवून वापरत. त्यातला अमोनिया लोकरीतला तेलकट मळ काढतो. व्हेस्पेसियन नावाच्या बादशहाने (त्याची कारकीर्द इ. स. ६९ ते ७९) या मालावर कर बसवला. मुलाने नाक मुरडले तेव्हा बापाने करातले नाणे त्याच्या नाकाला लावून 'याला वास येतो का?' असे विचारल्याची कथा आहे. तात्पर्य, रोमन लोक ज्याने कपडे स्वच्छ करीत तेच आपण आज कापडातून काढायला बसलो आहोत.

आता कापडाचा स्वभाव. या बाबतीत अंबाजोगाईच्या माणसाला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. आमच्या गावी दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले ते कागदावर नव्हे, पासोडीवर. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे साधे जाड कापड. दासोपंत १६१५ साली गेले. चारशे वर्षे उलटली तरी त्या सुती कापडाने पोटात घेतलेली शाई सोडलेली नाही. संतांच्या अक्षरांना जो गुण लागू तोच, दुर्दैवाने, आपल्या सोफ्यालाही लागू. सूत एकदा जे आत घेते ते सहजासहजी परत देत नाही. म्हणून पहिला नियम असा की ते आत जाऊच देऊ नये. निदान फार खोल जाऊ देऊ नये.

डाग ताजा असेल तर घाई करावी आणि घासाघीस टाळावी. जुने धोतर, पंचा किंवा सुती लुगड्याचा तुकडा घडी करून डागावर ठेवावा आणि वरून तळहाताने दाबावे. दाबताना कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे डाग पसरत नाही. घडी ओली झाली की कोरडी बाजू घ्यावी. कापड कोरडे निघेपर्यंत हे करीत राहावे. चोळले की मूत्र धाग्यात आणखी रुतते आणि मखमल असेल तर तिची लवही उडते. मग वाटीभर गार पाणी थोडे थोडे शिंपडून पुन्हा तसेच टिपून घ्यावे. पाणी गारच हवे. गरम पाण्याने किंवा वाफेने डाग कापडात पक्का होतो आणि वास अधिक खोल जातो.

यानंतर पांढरा व्हिनेगर. एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या पाणी. हे मिश्रण डागावर शिंपडून दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे आणि टिपून घ्यावे. व्हिनेगर आम्ल आहे, अमोनिया अल्क; दोघे एकमेकांना शांत करतात. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना निघून जातो. कापड टिपून नुसते दमट राहिले की त्यावर खाण्याचा सोडा पसरावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी मऊ ब्रशने किंवा यंत्राने काढून घ्यावा. काही भगिनी सोडा आणि व्हिनेगर एकदमच ओततात आणि फसफसणारा फेस पाहून समाधान पावतात. तो फेस म्हणजे आम्ल आणि अल्क यांची आपसातली मारामारी. दोघेही त्यात खर्ची पडतात, उरते खारट पाणी, आणि डाग कडेला उभा राहून तमाशा पाहतो.

कोणतेही औषध लावण्यापूर्वी ते कोचाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. नव्या कोचांना खाली एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर असेल तर पाणी चालते. नुसता एस असेल तर पाणी लावू नये, कोरड्या धुलाईवाल्याला बोलवावे. दोन्ही असतील तर दोन्ही चालते. आणि फुली असेल तर झाडण्यापलीकडे आपण काही करू नये.

डाग जुना आणि वास मुरलेला असेल तर घरगुती उपाय अपुरे पडतात. अशा वेळी एन्झाइमचे द्रावण आणावे. कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांसाठी ते बाजारात मिळते. त्यातली द्रव्ये वास देणाऱ्या पदार्थांचे तुकडे करतात, वासावर नुसते अत्तर शिंपडत नाहीत. मात्र यात दोन पथ्ये आहेत. एक, मूत्र जितके खोल गेले असेल तितके हे द्रावणही खोल गेले पाहिजे. वरवरचा फवारा म्हणजे आंघोळीऐवजी तोंड पुसणे. दुसरे, त्याला वेळ द्यावा. वर ओलसर फडके टाकून बाटलीवर लिहिले असेल तितके तास ते ओले राहू द्यावे. आणि त्याआधी तिथे जंतुनाशक ओतू नये, नाहीतर कामगार येण्यापूर्वीच आपण त्यांना मारून ठेवल्यासारखे होते.

वास गेला पण पिवळा डाग राहिला, आणि कापड फिक्या रंगाचे, सुती किंवा कृत्रिम धाग्याचे असेल, तर तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा सहा टक्क्यांची असते. लेबल वाचून तितकेच पाणी घालावे. गडद रंग, रेशीम आणि लोकर यांना हे औषध लावू नये. उरलेले मिश्रण बुचाच्या बाटलीत भरून ठेवू नये. त्यातून वायू सुटतो आणि बाटली फुटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संडास-मोरीसाठी जे क्लोरिनचे ब्लीच आणलेले असते ते या डागावर कदापि ओतू नये. अमोनियाशी संयोग होऊन विषारी धूर निघतो, आणि बंद खोलीत तो छातीला बाधतो. फिनेलही नको. त्याने वास जात नाही. एकाचे दोन होतात.

सुटी गादी असेल तर काम सोपे. अभ्रा काढून वेगळा धुवावा. आतला स्पंज असेल तर तो औषधात बुडवून, दाबून दाबून पाणी काढावे आणि सावलीत उभा करून, वाऱ्यावर वाळवावा. कापसाची गादी असेल तर उसवून खराब कापूस काढून टाकावा, उरलेल्याला कडक ऊन द्यावे आणि पिंजून घ्यावा. पिंजाऱ्याची धनुकली पूर्वी गल्लोगल्ली वाजायची. आता गादीवाल्याच्या यंत्राकडे जावे लागते, इतकेच. कशीही गादी असो, आतपर्यंत वाळल्याखेरीज ती जागेवर टाकू नये. नाहीतर मूत्राचा वास जाऊन बुरशीचा येईल.

शहरातल्या वाचकांना माझ्या या उपायांत पाणी फार थोडे आहे, असे वाटेल. त्याला शास्त्र जितके कारण आहे तितकाच आमचा जिल्हाही. आमच्या धनेगावचे मांजरा धरण आटले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. अशा मुलखात तांब्याभर पाण्यात काय काय उरकता येते हे बायका आईच्या हाताखालीच शिकतात. गंमत अशी की कोचाच्या बाबतीत ही काटकसर शास्त्राला धरूनच आहे. बादलीभर पाणी ओतले की डाग गादीत खाली उतरतो, लाकडी सांगाड्यापर्यंत जातो आणि मग कोणाच्याच हाती लागत नाही.

परंतु पाण्याची ही काटकसर एका ठिकाणी करू नये, आणि आजचा लेख लिहायला मी बसले ते खरे त्यासाठी.

आमच्या घरी सासरे आहेत, वय ब्याऐंशी. आयुष्यभर खेड्यापाड्यांच्या शाळांतून हेडमास्तरकी केलेले, शिस्तीचे, धोतराची घडी कधी न मोडलेले. सोफ्याचा डावा कोपरा ही त्यांची जागा. सकाळचे वर्तमानपत्र तिथेच वाचले जाई. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एकदा-दोनदा तो कोपरा ओला झाला. कोणी काही बोलले नाही. मी पुसून घेतले. तिसऱ्या दिवशी मामा आपणहून व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसले. 'इथं वारा बरा लागतो,' म्हणाले. वैशाखातले आमचे वारे कसे असते ते ज्याने सोसले आहे त्यालाच ठाऊक! आठवडाभराने माझ्या लक्षात आले की त्यांच्याजवळ सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असतो.

'मामा, पाणी घेतलं नाहीत दिवसभर?' मी विचारले.

त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. 'पाणी पिलं की पुन्हा तुझ्याच मागं काम, बाई.'

बेचाळीस अंशांच्या उन्हात एक माणूस एका सोफ्याच्या कापडासाठी तहानेला बसला होता. त्या कापडाची किंमत ती काय!

आणि यातला दैवदुर्विलास असा की पाणी कमी पिऊन त्यांना जे टाळायचे होते तेच वाढते. पाणी कमी पडले की मूत्र दाट, गडद आणि जास्त वासाचे होते. मूत्रमार्गाला संसर्ग होण्याचा संभव वाढतो. आणि संसर्ग झाला की धरवत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात पाणी तुटले तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणजे लाजेने लावलेला उपाय रोगालाच खतपाणी घालतो.

आम्ही मामांना डॉक्टरांकडे नेले. त्यांना पुष्कळ समजावावे लागले. 'वयच झालं, आता कशाला?' हा त्यांचा धोशा. पण वय हे काही या तक्रारीचे पुरते उत्तर नव्हे. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, बायकांत बाळंतपणांनी ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असतात, कोणाला मधुमेह असतो, कोणाला एखाद्या गोळीचा तो परिणाम असतो. यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. मामांची ग्रंथी वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. दर दोन तासांनी, शंका येवो न येवो, उठून जाऊन यायचे असे ठरले. रात्री पाणी कमी आणि दिवसा भरपूर. मोरीच्या वाटेवर रात्रभर एक दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडा.

आणि सोफा? त्याची व्यवस्था मी अशी केली. बाजारातून मेणकापड आणले. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी न झिरपणारे कापड करण्याचे पेटंट घेतले. दवाखान्यातल्या नर्सबाई खाटेवरच्या रबरी कापडाला अजून त्याच्याच नावाने हाक मारतात. आता त्याहून मऊ, आवाज न करणारी कापडे मिळतात. ते गादीच्या मापाने बेतून अभ्र्याच्या आत घातले आणि वर धुता येईल असा जाड सुती अभ्रा शिवून घेतला. मात्र तो एका डाव्या कोपऱ्यासाठी शिवला नाही. तिन्ही बैठकांना सारखाच शिवला. एकाच जागेवर रबरी कापड अंथरणे म्हणजे त्या जागेवर पाटी लावणे. तिन्ही सारख्या झाल्या की कोणाच्या जागेला काही अर्थ राहत नाही. 'जुने अभ्रे विटले होते,' एवढेच मी घरात सांगितले. मामांनी चार दिवस नव्या अभ्र्यांकडे लांबून पाहिले आणि पाचव्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन आत आले. काही बोलले नाहीत. मीही स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांना हे सगळे सोपे आहे. मुलाने कोच भिजवला तर घर हसते, त्याचे दुपटे बदलते आणि आलेल्या पाहुण्याला कौतुकाने सांगते. पाऊणशे वर्षांनी तोच प्रकार घडला की घर गप्प होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही डागांत काहीच भेद नाही. औषध तेच, सोडा तोच, फडकेही तेच. या दिवाळीला पाडव्याच्या ओवाळणीसाठी, भाऊबीजेच्या पंगतीसाठी घरातली वडील मंडळी बाहेरच्या खोलीत येऊन बसतील. कोणी व्हरांड्याकडे किंवा आतल्या खाटेकडे वळताना दिसले, 'मला इथेच बरे' म्हणाले, तर त्यांचा तांब्या तेवढा उचलून पाहा. भरलेला असेल तर अभ्र्याचे माप घ्यायला हवे आणि डॉक्टरांची वेळही.

राहिलेल्यांसाठी उजळणी. टिपावे, चोळू नये. गार पाणी, थोडे. आधी व्हिनेगर, मग सोडा, एकत्र नाही. जुन्या वासाला एन्झाइम, आणि त्याला भरपूर वेळ. ब्लीच नाही, फिनेल नाही, उदबत्ती फक्त देवापुढे. ही उजळणी स्वयंपाकघराच्या कपाटाला आतल्या बाजूने चिकटवून ठेवायला हरकत नाही. सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.